अनेक स्विच, पण मेंदू एकच: नेटवर्क स्विचचं 'स्टॅकिंग' म्हणजे काय आणि ते करताना नेमकं कुठं चुकतं?

ऑफिसात नेट बंद पडलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "वायफाय गेलं का रे?" मग कुणी मोबाईलचं हॉटस्पॉट चालू करतं, कुणी चहाला निघून जातं आणि आयटीवाला माणूस जिन्याखालच्या किंवा पँट्रीशेजारच्या एका छोट्या खोलीकडे पळतो.

त्या खोलीत एक लोखंडी कपाट असतं, त्याला 'रॅक' म्हणतात. त्यात एकावर एक ठेवलेले चपटे डबे, प्रत्येकात घुसलेल्या डझनावारी निळ्या-पिवळ्या केबल आणि लुकलुकणारे हिरवे दिवे. हे डबे म्हणजे नेटवर्क स्विच. ऑफिसातला कॉम्प्युटर, प्रिंटर, सीसीटीव्ही, वायफायचं छतावरचं गोल यंत्र, हे सगळं शेवटी इथेच येऊन जोडलेलं असतं.

मोठ्या ठिकाणी हे डबे बऱ्याचदा सुटे सुटे काम करत नाहीत. चार-पाच किंवा आठ डबे खास केबलने जोडून त्यांचा मिळून एकच मोठा स्विच केलेला असतो. याला म्हणतात 'स्टॅकिंग'.

हे नीट जमलं तर एखादा डबा जळाला तरी बाकीच्यांचं काम सुरू राहतं. पण चुकलं तर एका डब्याच्या नादात सगळे डबे एकदम झोपू शकतात. त्या वेळी कॉलेजात ऑनलाइन परीक्षा सुरू असेल किंवा हॉस्पिटलात लॅबचे रिपोर्ट वॉर्डापर्यंत पोहोचायचे असतील, तर हा प्रश्न फक्त आयटीवाल्याचा राहत नाही.

तर हे स्टॅकिंग म्हणजे नेमकं काय? ते कसं करतात? आणि ते करताना कुठं चुकतं? समजून घेऊया.

आधी स्विच म्हणजे काय?

घरात इंटरनेटसाठी जो डबा असतो तो राउटर. राउटरचं काम तुमच्या घरचं नेटवर्क बाहेरच्या इंटरनेटशी जोडण्याचं. स्विचचं काम वेगळं आहे. एकाच इमारतीतल्या यंत्रांना आपापसात जोडणं, हे स्विच करतो.

स्विचला केबल लावायची भोकं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. ऑफिसात साधारण 24 किंवा 48 पोर्टचे स्विच दिसतात. कोणत्या पोर्टवर कोणतं यंत्र आहे, हे स्विच त्या यंत्राच्या मॅक ॲड्रेसवरून, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकावरून लक्षात ठेवतो. त्यामुळे अकाउंट्सच्या कॉम्प्युटरने प्रिंटरला पाठवलेली फाईल फक्त प्रिंटरच्याच पोर्टवर जाते, सगळीकडे ओरडत फिरत नाही. सोसायटीतला जुना वॉचमन कसा नाव ऐकून थेट फ्लॅट नंबर सांगतो, तसंच.

पोर्ट कमी पडले तर नुसता दुसरा स्विच जोडला तर चालत नाही का?

चालतं. अनेक ठिकाणी तेच केलेलं असतं. पण त्यात तीन अडचणी आहेत.

समजा एका कॉलेजात 150 कॉम्प्युटर, काही कॅमेरे आणि वायफायची यंत्रं आहेत. त्यासाठी 48 पोर्टचे चार स्विच एका रॅकमध्ये बसवले आणि पहिल्याला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, तिसऱ्याला चौथा असे साध्या नेटवर्क केबलने जोडले.

पहिली अडचण वेगाची. प्रत्येक कॉम्प्युटरला 1 जीबीपीएसचं पोर्ट दिलं, पण दोन स्विचना जोडणारी केबलही तेवढ्याच क्षमतेची, म्हणजे 1 जीबीपीएसची. चौथ्या स्विचवरच्या 48 जणांना सर्व्हरपर्यंत पोहोचायचं तर त्या एकाच केबलमधून जावं लागतं. त्यात पुढे तिसऱ्या आणि दुसऱ्या स्विचवरची गर्दीही मिसळते. चार लेनचा रस्ता अचानक एका लेनच्या पुलावर यावा, तशी गत.

दुसरी अडचण केबल तुटण्याची. मधली एक केबल निघाली की पुढचे सगळे स्विच तुटतात. मग वाटतं, दोन केबल लावूया, एक गेली तर दुसरी आहेच. पण इथे खरा धोका आहे. इथरनेट नेटवर्कमध्ये फिरणाऱ्या पाकिटाला 'इतक्या वेळा फिरलास की थांब' अशी मर्यादाच नसते. त्यामुळे दोन स्विचमध्ये दोन वाटा झाल्या की सगळ्यांसाठी पाठवलेला एक संदेश गोल गोल फिरत राहतो. त्याच्या प्रती वाढत जातात आणि काही सेकंदांत अख्खं नेटवर्क गुदमरतं. याला 'ब्रॉडकास्ट स्टॉर्म' म्हणतात.

यावरचा उपाय अमेरिकेतल्या संगणकतज्ज्ञ रेडिया पर्लमन यांनी 1985 मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीत काम करताना शोधला. त्याचं नाव 'स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल'. स्विच आपापसात बोलून ठरवतात की यातली एक वाट बंद ठेवायची आणि गरज पडली तरच उघडायची. आजही जगभरातल्या नेटवर्कमध्ये ही कल्पना वापरात आहे. पण तिची किंमतही आहे. पैसे देऊन लावलेली दुसरी केबल एरवी नुसती पडून राहते. शिवाय जुन्या पद्धतीत वाट बदलायला 30 ते 50 सेकंद लागू शकायचे. पुढे आलेल्या 'रॅपिड' आवृत्तीत हा वेळ बराच कमी झाला.

तिसरी अडचण रोजच्या कटकटीची. चार स्विच म्हणजे चार वेगळे आयपी ॲड्रेस, चार पासवर्ड, चार वेगळ्या सेटिंग. एखादा बदल करायचा तर चार वेळा करायचा. एका ठिकाणी विसरलं की दुसऱ्या दिवशी "लॅबमधलं नेट चालतं पण लायब्ररीतलं नाही" ही तक्रार येतेच.

मग स्टॅकिंग काय वेगळं करतं?

स्टॅकिंगमध्ये हेच चार स्विच मागच्या बाजूच्या खास स्टॅक पोर्टने आणि जाड, आखूड स्टॅक केबलने जोडले जातात. त्यानंतर ते बाहेरच्या जगाला चार दिसतच नाहीत. 48 पोर्टचे चार डबे मिळून 192 पोर्टचा एकच स्विच होतो. एक आयपी ॲड्रेस, एक पासवर्ड, एकच सेटिंगची फाईल.

कोणतं पोर्ट कोणत्या डब्यावर आहे, हे नावावरून कळतं. उदाहरणार्थ, सिस्कोच्या स्टॅकमध्ये पोर्टचं नाव '3/0/12' असं दिसलं, तर तिसऱ्या डब्यावरचं 12 नंबरचं पोर्ट. फ्लॅट नंबरच्या आधी विंगचं नाव असतं ना, तसंच.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. स्विच एकावर एक रचले म्हणजे स्टॅकिंग झालं, असं नाही. साध्या नेटवर्क केबलने एकमेकांना जोडले म्हणजेही स्टॅकिंग झालं नाही. सगळ्यांचा कारभार एकाच मेंदूकडे गेला, तरच ते स्टॅकिंग.

ऑफिसातल्या साध्या डब्यांमध्ये ही कल्पना गाजवली ती सिस्को कंपनीने. 2003 मध्ये 'कॅटॅलिस्ट 3750' ही स्विचची मालिका आली आणि तिच्यासोबत 'स्टॅकवाइज' हे तंत्रज्ञान. त्यात जास्तीत जास्त 9 स्विच जोडता यायचे आणि त्यांच्यातल्या कड्याची क्षमता होती 32 जीबीपीएस. पुढे 2013 च्या सुमारास आलेल्या 'कॅटॅलिस्ट 3850' मध्ये हा आकडा 480 जीबीपीएसवर गेला. सध्या वापरात असलेल्या 'कॅटॅलिस्ट 9300' मालिकेत 8 स्विचपर्यंत स्टॅक करता येतो.

इतर कंपन्यांनीही आपापली पद्धत आणली. ज्युनिपरमध्ये तिला 'व्हर्च्युअल चॅसिस' म्हणतात, अरुबामध्ये 'व्हीएसएफ', हुआवेमध्ये 'आयस्टॅक'. नावं वेगळी असली तरी मूळ कल्पना एकच. पण या सगळ्यांसाठी एकच असं सामाईक मानक नाही. त्यामुळे एका कंपनीचा स्विच दुसऱ्या कंपनीच्या स्विचशी स्टॅक होत नाही.

पुढची सगळी माहिती सिस्कोच्या पद्धतीवरून दिली आहे. इतरांचे आदेश वेगळे असतात, पण तर्क बहुतेक हाच.

केबल कशी लावायची? शेवटची केबल इतकी महत्त्वाची का?

प्रत्येक स्विचच्या मागे दोन स्टॅक पोर्ट असतात. पहिल्या स्विचचं 2 नंबरचं पोर्ट दुसऱ्याच्या 1 नंबरला, दुसऱ्याचं 2 तिसऱ्याच्या 1 ला, तिसऱ्याचं 2 चौथ्याच्या 1 ला. इथपर्यंत चारही डबे साखळीसारखे जोडले गेले. स्टॅक सुरूही होतो, दिवेही लागतात, सगळं चालतं.

आणि नेमकं इथेच अनेक जण थांबतात.

अजून एक केबल बाकी असते. शेवटच्या डब्याचं 2 नंबरचं पोर्ट परत पहिल्याच्या 1 नंबरला. ही केबल लावली की साखळीचं कडं होतं. चार स्विचना चार केबल लागतात, तीन नव्हे. वरून खालपर्यंत जायचं म्हणून ही केबल बाकीच्यांपेक्षा लांब लागते. सिस्कोच्या स्टॅक केबल अर्धा मीटर, 1 मीटर आणि 3 मीटर लांबीच्या मिळतात. खरेदीच्या यादीत सगळ्या अर्ध्या मीटरच्या लिहिल्या की ही शेवटची केबल पोहोचत नाही आणि मग 'नंतर बघू' म्हणून राहून जाते.

त्याने काय बिघडतं? कडं पूर्ण असेल तर माहिती दोन्ही दिशांनी फिरते. एक केबल निघाली तर क्षमता अर्धी होते, पण माहिती उलट्या दिशेने जाते आणि कुणालाही कळत नाही. कडं पूर्ण नसेल तर तुम्ही पहिल्या दिवसापासूनच अर्ध्या क्षमतेवर चालता. आणि मधला एक डबा बंद पडला की स्टॅकचे सरळ दोन तुकडे होतात.

तुकडे होणं हे नुसतं बंद पडण्यापेक्षाही वाईट. कारण दोन्ही तुकड्यांकडे तीच सेटिंगची फाईल असते. ज्या तुकड्यात मुख्य स्विच नाही, तो स्वतःसाठी नवा मुख्य निवडतो. आता एकाच नेटवर्कमध्ये एकच आयपी ॲड्रेस सांगणारे दोन मुख्य तयार होतात. एका सोसायटीत दोन सेक्रेटरी, दोघांकडे तोच शिक्का! कुणाचं ऐकायचं, हे बाकीच्या यंत्रांना कळत नाही. नेट मधेच चालतं, मधेच थांबतं. असा बिघाड शोधणं फार डोकेदुखीचं असतं.

त्यामुळे कडं पूर्ण करणारी ती एक केबल हा चैनीचा खर्च नाही. स्टॅकिंग ज्यासाठी केलं, तो भरवसा तिच्यावरच उभा आहे.

मुख्य स्विच कोण ठरवतं?

स्टॅकमधल्या एका स्विचकडे कारभार असतो. जुन्या मालिकांत त्याला 'मास्टर' म्हणत, आता 'ॲक्टिव्ह' म्हणतात. नव्या मालिकांत दुसरा एक 'स्टँडबाय' असतो, म्हणजे उपमुख्य. मुख्य बंद पडला की तो लगेच कारभार हातात घेतो. बाकीचे सगळे सदस्य.

हे ठरतं निवडणुकीने. नियम असे:

- आधीपासून कुणी मुख्य असेल तर तोच राहतो.
- कुणीच नसेल, किंवा दोन मुख्य समोरासमोर आले, तर 'प्रायॉरिटी' बघितली जाते. हा 1 ते 15 मधला आकडा असतो. ज्याचा मोठा, तो जिंकतो. कारखान्यातून येताना सगळ्यांचा आकडा 1 असतो.
- आकडे सारखे असतील तर ज्याचा मॅक ॲड्रेस लहान, तो मुख्य.

शेवटचा नियम नीट वाचा. तुम्ही आकडे ठरवलेच नाहीत, तर नेटवर्कचा मुख्य कोण, हे कारखान्यात त्या डब्यावर कोणता क्रमांक छापला गेला यावर ठरतं. साधारणपणे आधी बनलेल्या डब्याचा क्रमांक लहान असतो. म्हणजे सगळ्यात जुन्या डब्याकडे कारभार जाण्याची शक्यता जास्त.

आणखी एक गोष्ट. निवडणुकीत सगळेच उमेदवार नसतात. सिस्कोच्या नव्या मालिकांत 120 सेकंदांच्या एकाच टप्प्यात जे स्विच सुरू होतात, तेच तिच्यात भाग घेतात. उशिरा आलेला स्विच गुपचूप सदस्य होतो, त्याचा आकडा कितीही मोठा असला तरी. तसंच, मुख्य बंद पडून स्टँडबायने कारभार घेतला, तर जुना मुख्य दुरुस्त होऊन परत आल्यावर त्याला खुर्ची आपोआप मिळत नाही.

प्रत्यक्ष स्टॅक कसा करायचा? सात पायऱ्या

1. मॉडेल जुळतात का ते बघा. एकाच कंपनीचे सगळे स्विच एकमेकांशी जुळतात असं नाही. उदाहरणार्थ, सिस्कोचा 9300 आणि जुना 3850 एका स्टॅकमध्ये येत नाहीत. इतकंच काय, 9300 आणि 9300एल यांची नावं सारखी असली तरी तेही एकत्र येत नाहीत. सगळ्यांचं लायसन्सही एकाच पातळीचं लागतं.

2. सॉफ्टवेअर एकसारखं करा. प्रत्येक स्विचमध्ये सॉफ्टवेअरची तीच आवृत्ती हवी. वेगळी असेल तर तो डबा जोडलेला दिसतो, पण कामाला लागत नाही. आवृत्ती जुळत नसल्याचा संदेश दाखवत बसून राहतो. हे काम स्टॅक जोडण्याआधी, प्रत्येक डबा सुटा असताना केलेलं सोपं.

3. आकडे आणि क्रमांक ठरवा. ज्याला मुख्य करायचं त्याला प्रायॉरिटी 15, उपमुख्याला 14, बाकीच्यांना त्याहून कमी. यासाठी 'स्विच 1 प्रायॉरिटी 15' अशा धाटणीचा आदेश द्यावा लागतो. सोबत डब्यांचे क्रमांक रॅकमधल्या जागेप्रमाणे लावा. सगळ्यात वरचा 1, त्याखालचा 2. क्रमांक बदलण्यासाठी 'रीनंबर' हा आदेश आहे आणि तो लागू व्हायला डबा पुन्हा सुरू करावा लागतो. हे केलं नाही तर वरून तिसरा डबा स्वतःला 1 नंबर म्हणवतो आणि रात्री फोनवर "दोन नंबरची केबल काढ" सांगितलं की भलतीच केबल निघते.

4. वीज बंद ठेवून स्टॅक केबल लावा. वर सांगितल्याप्रमाणे कडं पूर्ण करा. केबलच्या तोंडाला स्क्रू असतात, ते हाताने नीट आवळा. सैल राहिलेली केबल आज चालते आणि चार महिन्यांनी रॅकमधली दुसरीच केबल ओढताना निघते.

5. मुख्य स्विच आधी सुरू करा. तो पूर्ण सुरू झाला की उपमुख्य, मग बाकीचे. आकडे दिलेले असले तरी ही सवय चांगली.

6. तपासा. 'शो स्विच' या आदेशाने एक तक्ता दिसतो. कोणता डबा कोणत्या भूमिकेत आहे, त्याचा आकडा किती, सगळे 'रेडी' आहेत का, हे त्यात कळतं. 'शो स्विच स्टॅक-रिंग स्पीड' या आदेशाने कडं 'फुल' आहे की 'हाफ', ते समजतं. 'हाफ' दिसलं तर कुठली तरी केबल लागलेली नाही.

7. वरच्या नेटवर्कशी जाणाऱ्या केबल दोन वेगवेगळ्या डब्यांतून काढा. मुख्य सर्व्हर रूमकडे जाणाऱ्या दोन केबल असतील तर एक पहिल्या डब्यातून आणि दुसरी चौथ्या डब्यातून घ्या आणि दोन्हींची मिळून एक जोडी करा. स्टॅक हा एकच स्विच असल्यामुळे ही जोडी एकच वाट समजली जाते. त्यामुळे स्पॅनिंग ट्री तिच्यातली एक केबल बंद ठेवत नाही, दोन्ही कामाला येतात आणि एक डबा जळाला तरी दुसऱ्यातून रस्ता उरतो. सोयीचं म्हणून दोन्ही केबल एकाच डब्यात लावल्या, तर तो डबा गेल्यावर बाकीचे तीन जिवंत असूनही कुठेच पोहोचत नाहीत.

सगळ्यात महागात पडणारी चूक कोणती?

स्टॅकमधला एक डबा बिघडला. स्टोअरमध्ये जुना तसाच डबा पडलेला आहे. आयटीवाला तो आणतो, वीज जोडून चालतोय का बघतो आणि तसाच चालू स्थितीत स्टॅक केबल लावतो. घाई असते, बदल अगदी साधा वाटतो.

पण चालू असलेला एकटा डबा स्वतःपुरता 'मुख्य' असतो. केबल लागताच दोन मुख्य समोरासमोर येतात आणि निवडणूक होते. या जुन्या डब्याला आधीच्या जागी कुणीतरी प्रायॉरिटी 15 दिलेली असेल आणि तुमच्या स्टॅकमध्ये आकडे कधी ठरवलेच नसतील, तर तो जिंकतो. हरलेल्या बाजूचे सगळे डबे बंद होऊन पुन्हा सुरू होतात आणि नव्या मुख्याची सेटिंग घेतात. म्हणजे आधी सगळ्यांचं नेट जातं आणि परत येतं ते जुन्या जागेच्या सेटिंगसह किंवा कोऱ्या डब्यासारखं.

एक डबा बदलायला गेलं आणि चारही डबे गेले. तेही परीक्षेच्या मधोमध.

त्यात आणखी एक मेख आहे. जुन्या डब्यातली सेटिंगची फाईल पुसली म्हणजे तो कोरा झाला, असं अनेकांना वाटतं. पण डब्याचा क्रमांक आणि प्रायॉरिटी त्या फाईलमध्ये नसतात. त्या डब्याच्या वेगळ्या स्मृतीत जपलेल्या असतात. फाईल पुसली तरी 15 हा आकडा तिथेच राहतो.

उपाय साधा आहे. नवा किंवा जुना, कोणताही डबा स्टॅकमध्ये आणण्याआधी तो एकट्याने सुरू करा, त्याची सॉफ्टवेअर आवृत्ती बघा, आकडा 1 करा, मग तो पूर्ण बंद करा. बंद स्थितीत स्टॅक केबल लावा आणि शेवटी वीज द्या. तेव्हा तो उमेदवार म्हणून येत नाही, सदस्य म्हणून येतो. आणि या कामाआधी चालू सेटिंगची एक प्रत स्विचच्या बाहेर जपून ठेवा.

मग स्टॅकिंग सगळीकडे करावं का?

नाही. आणि याचं कारण स्टॅकिंगच्या फायद्यातच आहे.

एकच मेंदू म्हणजे एकच सॉफ्टवेअर. त्यात दोष निघाला तर तो एका डब्यापुरता राहत नाही, सगळ्यांना लागतो. सॉफ्टवेअर नवं करायचं तर साधारणपणे अख्खा स्टॅक पुन्हा सुरू करावा लागतो आणि तेवढा वेळ सगळं बंद. हा वेळ कमी करणाऱ्या सोयी काही नव्या मॉडेलमध्ये आहेत, पण तो शून्य होईल असं धरून चालता येत नाही. आणि मुख्यावर दिलेला एक चुकीचा आदेश एका क्षणात सगळ्या पोर्टना लागू होतो.

म्हणून मोठ्या डेटा सेंटरमध्ये, जिथे एका मिनिटाचाही खोळंबा परवडत नाही, तिथे अनेकदा 'एमलॅग' नावाची वेगळी पद्धत वापरतात. त्यात दोन स्विच जोडीने काम करतात, पण दोघांचा मेंदू वेगळा राहतो. सर्व्हरची एक केबल एकात, दुसरी दुसऱ्यात. एकाचं सॉफ्टवेअर बदलताना दुसरा काम करत राहतो. कारभार थोडा वाढतो, पण दोघं एकदम पडत नाहीत.

अंतराचीही अडचण आहे. 3 मीटरच्या केबलने एका रॅकमधले किंवा शेजारशेजारच्या रॅकमधले डबेच जोडता येतात. प्रत्येक मजल्यावर एक स्विच असेल तर या केबल पुरणार नाहीत. अरुबाच्या व्हीएसएफसारख्या काही पद्धतींत पुढच्या बाजूच्या साध्या फायबर पोर्टमधूनही स्टॅक करता येतो. पण मग ते महागडे वेगवान पोर्ट त्यातच अडकतात.

आणि गरजेचा प्रश्न तर आहेच. दुकानात किंवा छोट्या क्लासमध्ये 30 यंत्रं असतील, तर 48 पोर्टचा एक चांगला स्विच आणि कपाटात एक जादा डबा, एवढं पुरतं. तिथे स्टॅकिंगची काहीच गरज नाही.

एका रॅकमध्ये तीन-चार किंवा जास्त स्विच आहेत, माणसं कमी आहेत आणि रात्री किंवा रविवारी एखादा तास नेटवर्क बंद ठेवता येतं, अशा कॉलेज, ऑफिस, हॉस्पिटलच्या मजल्यांसाठी स्टॅकिंग फार सोयीचं.

काम संपल्यावर काय विचारायचं?

तुम्ही आयटीवाले नसाल, पण संस्थेचं काम बाहेरच्या माणसाकडून करून घेत असाल, तर बिल पास करण्याआधी त्याला चार गोष्टी करून दाखवायला सांगा.

एक, कडं 'फुल' आहे हे स्क्रीनवर दाखव.

दोन, प्रत्येक डब्याचा क्रमांक आणि आकडा दाखव. आणि डब्यावर चिकटवलेली चिठ्ठी त्याच्याशी जुळते का, तेही दाखव.

तीन, एका कॉम्प्युटरवरून सर्व्हरला सतत पिंग चालू ठेव आणि एक स्टॅक केबल काढ. पिंग चालूच राहिलं पाहिजे.

चार, केबल परत लाव आणि आता मुख्य स्विचची वीज बंद कर. कॉम्प्युटर दुसऱ्या डब्यावर असेल तर थोड्या झटक्यानंतर पिंग परत सुरू झालं पाहिजे.

ही चाचणी रविवारी सकाळी रिकाम्या इमारतीत केली तर अर्ध्या तासात होते. केली नाही, तर तीच चाचणी कधी तरी आपोआप होतेच. फक्त तिची वेळ मग आपण ठरवलेली नसते.